पार्श्वभूमी : घरातली चणचण शरीरात कशी उतरते

1842 साली पणजीत वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू झाली. आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे मूळ तिच्यात आहे. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये समाजसुधारक एडविन चॅडविक यांचा कष्टकऱ्यांच्या आरोग्यस्थितीवरील अहवाल प्रसिद्ध झाला. लिव्हरपूलमधील प्रतिष्ठितांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय 35 वर्षे आणि मजुरांचे अवघे 15, अशी त्यात नोंद होती. मजुरांची मुले मोठ्या संख्येने तान्हेपणीच दगावत, म्हणून हा आकडा इतका खाली आला होता. चॅडविक यांनी दोष प्रामुख्याने घाणीला दिला. सहा वर्षांनी प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागातील टायफस तापाच्या साथीची पाहणी करून आलेल्या रुडॉल्फ फिर्खो या तरुण जर्मन डॉक्टरने मात्र दारिद्र्य, निरक्षरता आणि हक्कांचा अभाव यांवर बोट ठेवले. दारिद्र्य आणि आरोग्य यांच्या नात्याच्या अभ्यासाचा खरा इतिहास फिर्खोपासून सुरू होतो, असे मला वाटते.

गोव्याच्या खेड्यांत हाच प्रश्न भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्या संबंधांत दडलेला होता. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत असे आणि मर्जी फिरली तर ते सोडावे लागेल, ही धास्ती त्याला पिढ्यान्‌पिढ्या पुरली. ती सर्वाधिक जाणवे पावसाच्या तोंडावर. उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या, सोलां (आमसुले), खारे बांगडे, चेपणीचे तोर (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) असे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ज्यांच्या माळ्यावर मृगापूर्वी चढे, त्यांच्या घरी भर आषाढातही पेजेला तोंडी लावणे असे. मे महिन्यात ज्यांच्या हाती रोकड नसे, त्यांना मासेमारी बंद आणि मजुरी तुटपुंजी अशा दिवसांत उधारीवर किंवा उसन्या भातावर निभाव लावावा लागे. घरची बाई शेवटी जेवायला बसे, तेव्हा मडक्यात बऱ्याचदा नुसती निवळ उरलेली असे.

मुक्तीनंतर 1964 साली कूळ कायदा आणि 1975 साली मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आला. हे कायदे आरोग्य खात्याचे नव्हते. तरीही घरातून हुसकावले जाण्याची भीती कमी करणारा कायदा हा आरोग्याचाही कायदा असतो, असे मी मानतो.

भीतीचा शरीराशी असलेला हा संबंध विज्ञानाने उशिरा मांडला. ताणाला शरीर ठरावीक प्रतिसाद देते, हे हान्स सेल्ये यांनी 1936 साली दाखवले. ताण महिनोन्‌महिने टिकला तर कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढे राहते, रक्तदाब व रक्तशर्करा वाढते, झोप मोडते. 1967 साली लंडनमधील सरकारी नोकरांची पाहणी सुरू झाली आणि सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांच्या सुमारे तिप्पट आढळले. त्यांपैकी कोणी उपाशी नव्हते, आणि धूम्रपानासारख्या सवयींचा हिशेब धरूनही ही तफावत पुरती मिटली नाही. भूक तर एका पिढीवर थांबतही नाही. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या उपासमारीच्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीच्या सुमारास मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक दिसली.

या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा गोव्यातच सापडला. येथील एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या 270 मातांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. दीड-दोन महिन्यांनी त्यांतील 23 टक्के मातांना नैराश्य होते. त्यामागे आर्थिक ओढाताण, नवऱ्याची मारहाण आणि मुलगाच हवा असताना झालेली मुलगी ही कारणे ठळकपणे आढळली. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अशा मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने आणि उंचीने इतरांपेक्षा मागे होती. आईची चिंता अशा रीतीने बाळाच्या वजनाच्या काट्यावर येते.

2012 साली आणि पुन्हा 2018 साली गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत कर्ज काढून ट्रक घेतलेल्या घरांवर हप्त्यांचे ओझे तसेच राहिले. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अग्रभागी आहे आणि येथील अर्भक मृत्युदर देशातील सर्वांत कमी दरांपैकी आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत गोव्यातील पाच वर्षांखालील सुमारे चौथा हिस्सा मुले वयाच्या मानाने ठेंगणी आढळली आणि 15 ते 49 वयोगटातील 39 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होते.