लिंकन घराणे

लिंकन घराणे : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन (१८०९–६५) ज्या शेतकरी कुळात जन्मले ते कुळ. पितृवंश आज बहुतांशी निर्विवाद आहे. मूळपुरुष सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातून मॅसॅच्युसेट्सला आला व हिंगम येथे स्थायिक झाला. पुढच्या पिढ्या न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया अशा सरकत गेल्या. स्वतः लिंकनांना ही साखळी पुरती ठाऊक नव्हती. न्यू इंग्लंडच्या (मॅसॅच्युसेट्स व आसपासच्या ईशान्य भागातील) लिंकनांशी नाते जुळवू पाहता इनॉक, लेव्हाय, मॉर्डेकाय अशा नावांच्या साम्यापलीकडे काही हाती लागले नाही, असे त्यांनी १८५९ च्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. दुवा पुढच्या संशोधकांनी जुळवला.

लिंकनांचे आजोबा (नाव अब्राहमच) १७८२ च्या सुमारास केंटकीत आले व रान तोडून शेत काढत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात मारले गेले. नातवाच्या हिशेबाने हे साल १७८४ च्या आसपास येते. कागदपत्रे पाहता १७८६ अधिक ग्राह्य वाटते. केंटकी तेव्हा व्हर्जिनियात मोडत असे आणि तेथील ज्येष्ठाधिकाराचा (सारी जमीन थोरल्या मुलाला देणारा) कायदा १ जानेवारी १७८७ पासून रद्द झाला. मृत्यू वर्षभराने झाला असता, तर धाकट्या टॉमसलाही (लिंकनांचे वडील, १७७८–१८५१) वाटा मिळाला असता. प्रत्यक्षात जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि टॉमस मजुरी व सुतारकाम करीत वाढला.

खरा वाद मातृवंशाचा. टॉमस व लिंकनांची आई नॅन्सी हँक्स यांचा विवाह १२ जून १८०६ रोजी केंटकीतील वॉशिंग्टन काउंटीत झाला. शोध शेजारच्या हार्डिन काउंटीत चालल्याने ही नोंद दीर्घकाळ सापडली नाही व लिंकनांच्या औरसपणाविषयी अफवांना ऊत आला. नॅन्सीच्या आईवडिलांबद्दल तीन मते आहेत. कॅरोलाइन हिचकॉक (१८९९) यांनी तिला जोसेफ हँक्सची कन्या मानले. आधार त्याचे १७९३ चे मृत्युपत्र. त्यात ‘नॅन्सी’ या मुलीला ‘पायडी’ नावाची वर्षाची कालवड दिली आहे. पण कुळात याच नावाच्या एकाहून अधिक स्त्रिया होत्या, आणि कालवड मिळालेली नॅन्सी ही लिंकनांच्या आईचा मावसभाऊ डेनिस हँक्स याची आई असावी. लुई वॉरन (१९२६) यांच्या मते लिंकनांची आई जेम्स हँक्स व ल्यूसी शिप्ली या दांपत्याची औरस मुलगी. जेम्सचा पुरावा मात्र अगदीच तोकडा आहे. विल्यम बार्टन (१९२९) तिला जोसेफच्या ल्यूसी या मुलीची विवाहबाह्य कन्या ठरवतात. लिंकनांनी आपल्याला हेच सांगितल्याचे त्यांचे वकिलीतील भागीदार विल्यम हर्न्डन यांनी लिहून ठेवले आहे, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला मातृवंशीय (आईकडूनच पुढे जाणाऱ्या) डीएनएचा अभ्यासही याच बाजूने जातो. ल्यूसीचे नाव पित्याच्या मृत्युपत्रात नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे.

टॉमसने केंटकीत तीन शेते घेतली. सीमा झाडे, दगड, ओहोळ यांवरून ठरत असल्याने मालकीचे तंटे कायमचेच. १८१६ च्या अखेरीस तो इंडियानात गेला. तेथे सरकारने जमीन चौरस तुकड्यांत मोजलेली होती व वंशशोधकालाही कागद सरळ मिळतात. नॅन्सी १८१८ मध्ये ‘दूधरोगा’ने वारली. विषारी रानवनस्पती खाल्लेल्या गायीच्या दुधातून हा आजार होतो. पुढच्या वर्षी टॉमसने सेरा बुश जॉन्स्टन या तीन मुलांच्या विधवेशी लग्न केले. तिच्या एका मुलीशी नॅन्सीचा मावसभाऊ डेनिस विवाहबद्ध झाल्याने नात्यांची गुंतागुंत वाढली. लिंकनांची बहीण सेरा १८२८ मध्ये बाळंतपणात वारली. १८३० मध्ये कुटुंब इलिनॉयमध्ये गेले.

अमेरिकन जनगणनेत १८५० पूर्वी कुटुंबप्रमुखाखेरीज कोणाचेही नाव लिहीत नसत. त्यामुळे या कुळातील स्त्रिया व मुले घरच्या बायबलच्या प्रतीत लिहिलेल्या नोंदी, लग्नाचे हमीपत्र वा कोर्टाचे दप्तर यांतच सापडतात. लिंकनांचा थेट वंश पणतू रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ यांच्याबरोबर १९८५ मध्ये संपला. मॉर्डेकायच्या शाखेतील वंशज इलिनॉयमध्ये स्थायिक झाले.