मुलींचं उन्हाळी घोडेस्वारी शिबिर : पहिले तीन दिवस का चुकवू नयेत

पालकहो, नमस्कार.

उन्हाळी शिबिराची नावनोंदणी सुरू झाली की एक फोन हमखास येतो. "मामाच्या घरी लगन हाय, पोरीले तिसऱ्या दिवशी आणून सोडलं त चालन का? पयले दोन दिवस त नुसता घोडाच धुवाचा असते ना!" वैशाख-ज्येष्ठात आपल्याकडे लग्नांची किती दाटी असते ते आम्हालाही माहीत आहे, आमच्याही घरी पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो. तरी आमचं उत्तर 'नाही' असंच असतं. त्यामागचं कारण फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही आणि पालक नाराज होतात, म्हणून हे पत्रक काढलं आहे. नाव नोंदवण्याआधी ते एकदा शांतपणे वाचावं, ही विनंती.

शिबिर दहा दिवसांचं असलं तरी घोड्याजवळचा वेळ दिवसाला चारच तास असतो. परतवाड्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यामुळे सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी साडेपाच ते सात, एवढाच वेळ आपल्या हातात असतो. मधल्या वेळात घोडा सावलीतून बाहेर निघत नाही आणि मुलीही नाही. दुपारी कुलरच्या खोलीत खोगीर-लगामाचं चामडं पुसणं, तेल लावणं, घोड्याच्या शरीराची माहिती आणि सक्तीची झोप. साधारण २५ मेपासून नवतपा, म्हणजे सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याच्या आधी आमची शेवटची तुकडी घरी गेलेली असते. एखादी सकाळ बुडाली तर ती दुपारी भरून काढता येत नाही. पुण्या-मुंबईकडे कदाचित जमत असेल, इथे नाही.

मग शिबिर वर चिखलदऱ्यालाच का घेत नाही, असंही विचारतात. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि हवा गार, हे खरंच. पण घोडा गाडीत चढवून घाटाने वर नेला की पाणी बदलतं, चारा बदलतो, कधी पोट बिघडतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे त्याचं पोटाचं दुखणं साधं नसतं, जिवावर बेतू शकतं. नवशिक्या मुलीसमोर उभा करायचा घोडा आपल्या पागेत रमलेला, पोटाने ठीक आणि शांत असावा लागतो. म्हणून शिबिर इथेच.

त्या पहिल्या दिवसांत नेमकं काय होतं

पहिल्या सकाळी मुलगी घोड्यावर बसत नाही. ती घोड्याकडे चालत जायला शिकते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं आणि कपाळासमोरचं जवळचं दिसत नाही. त्यामुळे आवाज देत डाव्या खांद्याच्या बाजूने जायचं आणि पहिला हात मानेवर किंवा खांद्यावर ठेवायचा, तोंडावर नाही. कान पुढे असले तर काय, मागे दाबून धरले तर काय, हे शिकवणाऱ्या ताई प्रत्येक घोड्याजवळ थांबून दाखवतात.

शेतकऱ्याच्या घरच्या मुली जनावराला भीत नाहीत, याचा आम्हाला आनंदच आहे. पण गोठ्यातल्या सवयी पागेत तशाच चालत नाहीत. गाय बहुधा पाय पुढे घेऊन बाजूला झाडते, घोडा सरळ मागे झाडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वासराचं दावं हाताला गुंडाळून धरायची आपल्या पोरींना सवय असते. घोडा बिचकून मागे सरला तर तो वेढा आवळतो आणि बोटं सापडतात. दोर घडी करून मुठीत धरायचा, हाताभोवती कधीच गुंडाळायचा नाही. ही एक गोष्ट हातात मुरायला पूर्ण दिवस जातो, आणि तो आम्ही देतो.

मग खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासून साफ करणं. याला 'घोडा धुणं' म्हणतात ते चूक आहे, घोडा आम्ही रोज धुवतही नाही. खोगिराच्या आणि तंगाच्या (खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) जागी चिकटलेली माती, एखादं गोखरू किंवा कुसळ राहिलं की वर माणूस बसल्यावर ते रुततं. कातडी सोलते, घोडा पाठ उचलतो, आणि वर बसलेली मुलगी खाली येते. खरारा करताना मुलीचा हात घोड्याच्या सगळ्या अंगावरून फिरतो. कुठे गरम लागतं, कुठे सूज आहे, खुरात खडा अडकला आहे का, हे तिला कळायला लागतं. तेवढ्याच वेळात घोड्यालाही तिचा आवाज आणि वास ओळखीचा होतो. हे काम मोतद्दाराकडून, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाकडून, करून घेणं आम्हाला सोपं आहे, वेळही निम्मा लागेल. तरी ते मुलींकडूनच करून घेतो. तुम्ही दिलेल्या फीमधलं सर्वात मोलाचं काम हेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या संध्याकाळी ती घोड्यावर बसते, पण हातात लगाम नसतो. मोतद्दार काका घोडा धरून चालवतात आणि मुलगी दोन्ही हात पसरून, कधी डोळे मिटून, तोल सांभाळते. तोल गेला की माणूस हातात असेल ते घट्ट धरतो. हातात लगाम असेल तर ती सगळी ओढ घोड्याच्या तोंडातल्या लोखंडावर जाते. तोंड दुखलेला घोडा पुढच्या मुलीवर विश्वास ठेवत नाही. म्हणून आधी मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की करायची, लगाम नंतर.

दुसऱ्या दिवशी खोगीर स्वतः चढवायचं. तंग आवळताना बरेच घोडे छाती फुगवतात, आणि चार पावलं चालल्यावर तो सैल पडतो. म्हणून थोडं चालवून, वर चढण्याआधी तंग पुन्हा तपासायचा. तो तपासला नाही तर रिकिबीवर (खोगिराला लोंबणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीवर) पाय देऊन चढतानाच खोगीर फिरून घोड्याच्या पोटाखाली जातं. त्याच दिवशी लांब दोरावर गोल फिरणं, थांबवणं, आणि गडबड झाली तर दोन्ही पाय रिकिबीतून आधी काढून उतरणं. हे उतरणं इतक्या वेळा करून घेतो की मुली कंटाळतात. कंटाळू द्या.

तिसऱ्या सकाळी लगाम हातात येतो आणि दुडकीची, म्हणजे घोड्याच्या हळू धावण्याची, पहिली पावलं पडतात. दुडकीत पुढचा डावा आणि मागचा उजवा, मग पुढचा उजवा आणि मागचा डावा, असे पाय तिरप्या जोडीने पडतात, म्हणून दर ठोक्याला दणका बसतो. त्या ठोक्यावर उठायचं-बसायचं जमलं की मुलीचा चेहराच बदलतो. भरधाव वगैरे पुढच्या गोष्टी आहेत, आणि दहा दिवसांत प्रत्येकीला ते शिकवूच असं आम्ही कबूल करत नाही.

तिसऱ्या दिवशी आलेल्या मुलीचं काय होतं

आमच्याकडे एका घोड्यामागे दोन मुलींची जोडी असते. एक वर बसते, दुसरी खाली दोर, तंग आणि पाणी बघते. तिसऱ्या दिवशी नवी मुलगी आली की तिच्या जोडीदारणीला दोन दिवस एकटीने काम करावं लागलेलं असतं, आणि आता तिच्या भरवशावर घोड्यावर बसायचं असतं, जिला तंग तपासायचा माहीत नाही. ते आम्ही होऊ देत नाही. मग एक ताई, एक मोतद्दार आणि एक घोडा बाजूला काढून त्या एका मुलीला पहिल्यापासून शिकवावं लागतं. उरलेल्या घोड्यांवर बाकीच्या मुलींची पाळी लांबते आणि आठ वाजताच ऊन डोक्यावर येतं. म्हणजे एका घरच्या लग्नाची किंमत दुसऱ्यांच्या मुली भरतात.

खरी अडचण त्या मुलीचीच होते. बाकीच्यांच्या हातात लगाम आणि आपण अजून दोरावर, हे तिला लागतं. ती घाई करते, न विचारता घोड्याच्या मागून जाते, लगाम ओढते. "तिनं वरातीच्या घोडीवर बसून पाहिलं आहे" हे आई-बाबांनी सांगितलेलं असतं, पण त्या घोडीला माणसाने धरलेलं असतं. तिथे चालवायचं काही नसतं, फक्त बसायचं असतं.

म्हणून नियम ठेवला आहे: आदल्या संध्याकाळी पाच वाजेपर्यंत हजेरी, नंतर त्या तुकडीत प्रवेश नाही. पैसे बुडत नाहीत. लग्न, परीक्षा, आजारपण काहीही असो, आधी कळवलं तर नाव पुढच्या तुकडीत लावतो.

तिसऱ्या रात्रीचा फोन

उलट बाजूचा त्रासही याच दिवसांतला. मांड्यांचे जे स्नायू घोड्यावर लागतात ते एरवी फारसे वापरले जात नाहीत, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते कडक होतात, जिना उतरता येत नाही. त्या रात्री फोनवर मुलगी रडते: "आई, मले घेऊन जा." गाडी काढून येऊ नका. गरम पाण्याने शेक, हलका ताण देणं आणि सकाळी पुन्हा चालणं, यानेच ते सुटतं. चौथ्या-पाचव्या दिवशी तीच मुलगी फोनवर घोड्याचं नाव घेऊन बोलत असते. खरं दुखणं, ताप किंवा ऊन लागल्याची शंका आली तर आम्हीच तुम्हाला लगेच फोन करतो आणि डॉक्टरकडे नेतो, त्यात वाट बघत नाही.

सोबत काय, आणि काही न विचारले जाणारे प्रश्न

बूट गुळगुळीत तळाचे आणि साधारण इंचभर टाचेचे हवेत, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. शाळेचे काळे बूट पुष्कळदा चालतात. पीटीचे पांढरे कॅनव्हास किंवा जाड खाचांच्या तळाचे स्पोर्ट शूज चालत नाहीत. जीन्सची आतली जाड शिवण मांडी सोलते, त्यापेक्षा अंगाबरोबर बसणारी सुती ट्रॅक पँट बरी. ओढणी, लोंबते कानातले, बांगड्या घरीच ठेवा. वेणी खाली घालावी, उंच पोनी असली की हेल्मेट बसत नाही. हेल्मेट आम्ही देतो. मोटरसायकलचं आणू नका, ते जड असतं आणि मान अवघडते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं. घोड्यासाठी लाडू-चिवडा पाठवू नका, त्याच्या पोटाचं वर सांगितलंच आहे. त्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, ठरलेली आहे.

अर्जात वजन खरं लिहा. खोगीर धरून स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा, हे आम्ही पाळतो. आमचे घोडे ३०० ते ३५० किलोचे आहेत. कोणत्या मुलीला कोणता घोडा हे त्यावर ठरतं, मुलीला कोणी काही बोलत नाही.

मुली पाणी कमी पितात, कारण संडासला जायचा संकोच. या उन्हात तो जिवावर बेतू शकतो. पागेशेजारीच मुलींसाठी स्वच्छ संडास आहे, आणि ताई दर तासाला स्वतः पाणी, ताक, कैरीचं पन्हं पाजतात. पाळीच्या दिवसांत बसायचं की नाही हे मुलगी ठरवते, ताईला हळूच सांगितलं की पुरतं. त्या दिवशी जमिनीवरचं काम असतंच, दिवस वाया जात नाही.

आज्या कधी बाजूला घेऊन विचारतात, "पोरीच्या जातीले काही होत त नाही ना बाई?" नाही, आजी. घोडेस्वारीने पाळीवर किंवा पुढे लेकरू होण्यावर वाईट परिणाम होत नाही. मणक्याचं दुखणं, फिट किंवा दमा असेल तर मात्र डॉक्टरांची चिठ्ठी आणावी. ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतात असा हा खेळ आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घेण्याच्या स्पर्धेत) भारताच्या संघाने सुवर्ण जिंकलं. चौघांत दोन मुली होत्या, सुदीप्ती हजेला आणि दिव्याकृती सिंह. सुदीप्ती तर सातपुड्यापलीकडच्या इंदूरची.

तारखा बघताना घरातल्या लग्नपत्रिका आधी समोर ठेवा आणि जी तुकडी पूर्ण मोकळी आहे तीच घ्या. उन्हाळ्यात कुठलीच जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर आहे. तेव्हा हवा गार असल्याने घोड्यावरचा वेळही जास्त मिळतो, आणि जागा अजून सहज मिळतात. ठरत नसेल तर कोणत्याही रविवारी सकाळी सहा ते आठच्या दरम्यान मुलीला घेऊन पागेवर या. त्याचे पैसे नाहीत. येताना तिचे बूट सोबत आणा, चालतील की नाही ते तिथेच बघून सांगू.