बसून राहिलं म्हणून पडणं टळत नाही

‘साठीनंतर तोल जातोच, म्हणून ज्येष्ठांनी कमीत कमी हिंडावं-फिरावं,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याला काळजीच असते. घरात एकदा कुणाचं खुब्याचं हाड मोडलं की ही धास्ती बसते. पण सल्ला नेमका उलटा आहे.

डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतली जाणीव, या तिन्हींवर तोल चालतो. वयाबरोबर ती मंदावतात, हे खरं. मात्र पाय अडखळला की सावरतात ते मांडीचे आणि पोटरीचे स्नायू, आणि बसून राहिल्याने तेच झिजतात. सरावाने ते सत्तरीतही बळकट होतात. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तर व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांचं पडणं सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसतं. नुसत्या फेरफटक्यावर विसंबू नका, तोलाचा वेगळा सराव हवा.

घरीच पाहा. स्वयंपाकघरात ओट्याशी अनवाणी उभं राहा, शेजारी कुणीतरी हवंच. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवा आणि ओटा सोडा. घोटा थरथरेल, शरीर तोल सावरत असतं. १० सेकंद टिकत नसेल तर पडण्याचा धोका जास्त. मग रोज ओट्याला बोटं टेकवून हेच करा, आणि भिंतीला लावलेल्या खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो.