हिवतापविरोधी औषधसंशोधन, पुणे

हिवताप (मलेरिया) घडवणाऱ्या प्लास्मोडियम या एकपेशीय परजीवीला मारणारे, पण रुग्णाला अपाय न करणारे रसायन शोधणे, त्याची क्रिया समजून घेणे आणि ते निष्प्रभ होऊ लागले की पुढच्या रसायनाकडे वळणे, हे या संशोधनाचे स्वरूप. पुण्यात परजीवींवरील मूलभूत काम पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल, स्थापना १९५०), तिला लागूनच असलेली आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (२००६) आणि विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र येथे होते. राज्याच्या हिवताप व हत्तीरोग नियंत्रणाचे सहसंचालक कार्यालयही पुण्यातच आहे. रुग्णांचा भार मात्र येथून फार दूर, मुख्यतः गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याने क्लोरोक्वीनपासून सुरुवात करावी, इतके ते बोधप्रद आहे. परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरून हिमोग्लोबिन पचवतो. त्यातून सुटणारा हीम हा लोहयुक्त भाग त्याच्यासाठीच विषारी असतो, म्हणून परजीवी त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो. त्यांना हिमोझोइन म्हणतात. रक्ताच्या काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. क्लोरोक्वीन परजीवीच्या पचनाच्या आम्लधर्मी पोकळीत साठते आणि हे स्फटिकीकरण रोखते. परजीवी स्वतःच्याच जेवणातल्या विषाने मरतो. १९३४मध्ये जर्मनीत तयार झालेले हे रसायन दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर स्वस्तात मिळू लागले. पण भारतात १९७३मध्ये आसामात त्याला दाद न देणारा फाल्सिपेरम (प्लास्मोडियमची सर्वांत घातक जात) आढळला. २०००मध्ये त्याचे कारण उलगडले: पोकळीच्या पटलावरील एका वाहक प्रथिनात ७६व्या स्थानी लायसीनऐवजी थ्रिओनीन आले की औषध बाहेर टाकले जाते. एका अमिनो आम्लाच्या बदलाने इतके मोलाचे औषध हातचे गेले, ही या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

त्यानंतरचा आधार आर्टेमिसिनिन. चीनमध्ये तू योयो यांच्या गटाने १९७०च्या दशकात ते वनस्पतीतून वेगळे केले. त्याबद्दल तू यांना २०१५चे नोबेल मिळाले. या रेणूत दोन ऑक्सिजन अणूंचा पेरॉक्साइड पूल आहे. हीममधील लोहाच्या संपर्कात तो तुटतो आणि त्यातून निर्माण होणारे मुक्तमूलक (अतिक्रियाशील रेणू) परजीवीची प्रथिने जागच्या जागी निकामी करतात. असा नाजूक पूल प्रयोगशाळेत उभारणे रसायनशास्त्रज्ञांना आव्हान वाटले नसते तरच नवल. पहिले पूर्ण संश्लेषण १९८३मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाले. पुण्यात एनसीएलमधील टी. रवींद्रनाथन व सहकाऱ्यांनी १९९०मध्ये आपला संश्लेषणमार्ग प्रसिद्ध केला. व्यवहारात आर्टेमिसिनिन आजही मुख्यतः वनस्पतीतूनच काढतात, म्हणून असे काम वाया गेले असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. रेणू टप्प्याटप्प्याने बांधता आला तरच त्यात हवा तिथे बदल करता येतो, आणि नवे औषध अशा बदलांतूनच हाती येते.

रसायन तयार झाले की ते जिवंत परजीवीवर तपासावे लागते. १९७६पर्यंत फाल्सिपेरम प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नव्हता. ट्रेगर आणि जेन्सन या अमेरिकेतील संशोधकांनी मानवी रक्तपेशी आणि कमी ऑक्सिजन यांच्या साह्याने ते साधले. ऑक्सिजन कमी करण्यासाठी त्यांनी बंद बरणीत मेणबत्ती पेटवण्याची साधी युक्ती वापरली, आणि ती अनेक प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे चालली. परजीवीचे रक्तपेशीतील चक्र सुमारे ४८ तासांचे असल्याने संशोधकाची सुट्टीही त्याच्याच वेळापत्रकाने ठरते. आयसरमध्ये फाल्सिपेरमच्या जनुक-नियमनाचा, तर एनसीएलमध्ये परजीवींच्या चयापचयाचा अभ्यास झाला आहे. परजीवी ज्या विकरावाचून (एन्झाइमवाचून) जगू शकत नाही आणि माणसात जे नसते, ते औषधाचे उत्तम लक्ष्य ठरते. चयापचयाच्या अभ्यासाचे महत्त्व यात आहे.

पेशी विज्ञान केंद्रात काळा आजार घडवणाऱ्या लीशमानिया या दुसऱ्या परजीवीवर काम झाले. या रोगावर कोलकात्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२०च्या दशकात युरिया स्टिबामाइन हे औषध दिले होते, आणि हत्तीरोगावरील डायएथिलकार्बामाझिन अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटातून आले. या दोन नावांना शालेय पुस्तकांत मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी. लसीच्या बाजूने, ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली आर२१ ही हिवतापाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३मध्ये तिची शिफारस केली.

प्लास्मोडियमच्या व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीचा प्रश्न वेगळा आणि अधिक चिवट आहे. हा परजीवी यकृतात सुप्तावस्थेत राहतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतो. त्याला तेथून काढण्यासाठी प्रायमाक्वीन साधारणपणे १४ दिवस घ्यावे लागते, आणि ताप उतरल्यावर बरेच रुग्ण गोळ्या मध्येच सोडतात. २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले टॅफेनोक्वीन एकाच मात्रेत देता येते. मात्र जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्यांत दोन्ही औषधांनी रक्तपेशी फुटतात, त्यामुळे आधी चाचणी आवश्यक ठरते. व्हायवॅक्स कोवळ्या रक्तपेशींतच शिरत असल्याने तो फाल्सिपेरमसारखा प्रयोगशाळेत सतत वाढवता येत नाही, आणि त्यावरील प्रयोगांसाठी रुग्णाचे ताजे रक्त लागते.