दिसत नसलेला कण हिशोबातून कसा सापडतो: न्यूट्रिनोची पार्श्वभूमी

आज डिटेक्टरमध्ये (कण टिपणाऱ्या यंत्रात) मिसिंग एनर्जी दिसली, म्हणजे हिशोबात ऊर्जा कमी पडली म्हणून न दिसणारा कण निसटला, असं अगदी सहज म्हणतात, पण ही पद्धत मान्य व्हायला वीसेक वर्षं वादावादी झालीये आणि मला वाटतं ती गोष्ट माहीत असल्याशिवाय या विषयातली खरी मजा कळत नाही.

मूळ मुद्दा सोपा आहे. जागेवर स्थिर असलेला कण फुटून दोनच तुकडे झाले तर दोघं समान संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) विरुद्ध दिशांना जातात आणि प्रत्येकाची ऊर्जा ठरलेलीच येते, दर वेळी तेवढीच. तिसरा वाटेकरी असला की मग वाटणी कशीही होते. 1914 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ चॅडविकने बर्लिनमध्ये बीटा किरणांच्या, म्हणजे किरणोत्सारी अणुकेंद्र फुटताना निघणाऱ्या, इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजली तर ती एकसारखी नव्हतीच, कमी-जास्त सगळ्या किमती सापडल्या. अणुकेंद्र आणि इलेक्ट्रॉन एवढे दोघंच असतील तर असं व्हायलाच नको होतं.

इलेक्ट्रॉन बाहेर पडताना वाटेत ऊर्जा गमावत असेल असं काहींचं म्हणणं होतं, म्हणून 1927 मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी रेडियम-ई (म्हणजे बिस्मथ-210) कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजायच्या भांड्यात) ठेवून निघणारी सगळी उष्णताच मोजली. ऊर्जा आतच कुठे मुरत असती तर दर विघटनामागे इलेक्ट्रॉनच्या कमाल ऊर्जेएवढे, सुमारे 10.5 लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांच्या ऊर्जेचं एकक) मिळायला हवे होते, मिळाले साडेतीन लाखांच्या आसपास, म्हणजे बाकीची ऊर्जा भांड्यातून खरोखरच निसटत होती, ताळा जुळेना. नील्स बोर तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच इथे सोडून द्यायला तयार झाला होता! डिसेंबर 1930 मध्ये पाउलीने पत्र लिहून सुचवलं की एक विद्युतभार नसलेला, हलका कण सोबत निघत असावा. पुढे फर्मीने त्यावर पूर्ण सिद्धांत उभा केला आणि न्यूट्रिनो हे नाव रूढ केलं.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. 1947 मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेलच्या गटाने उंच डोंगरांवर ठेवलेल्या फोटोग्राफिक प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, त्यात पायॉन (विश्वकिरणांतून तयार होणारा अल्पायुषी कण) थांबतो आणि तिथूनच म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) रेघ सुरू होते, आणि ती रेघ दर वेळी जवळपास 0.6 मिलिमीटरच! लांबी सारखी म्हणजे ऊर्जा सारखी, म्हणजे सोबत न दिसणारा जोडीदार एकच. म्युऑन फुटल्यावर मात्र इलेक्ट्रॉनची ऊर्जा शून्यापासून सुमारे 53 एमईव्हीपर्यंत (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) कितीही येते, म्हणजे तिथे न दिसणारे किमान दोन. नुसत्या दिसणाऱ्या कणावरून न दिसणारे किती ते मोजता आलं, हे मला अजूनही भारी वाटतं.

न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडला तो 1956 मध्ये, रेन्स आणि कोवान यांनी, अमेरिकेत सव्हाना रिव्हरच्या अणुभट्टीजवळ. पण हिशोबाची पद्धत त्यामुळे संपली नाही. 1983 मध्ये सर्नला (जिनिव्हाजवळची कणभौतिकी प्रयोगशाळा) डब्ल्यू बोसॉन, म्हणजे बीटा विघटनामागच्या बलाचा वाहक कण, सापडला तो याच मार्गाने: एका बाजूला जोरदार इलेक्ट्रॉन आणि समोरच्या बाजूला काहीच नाही. फक्त कोलायडरमध्ये (कणांचे झोत एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात) बरेचसे तुकडे बीमच्या, म्हणजे झोताच्या, दिशेने पाइपमधून निघून जातात त्यामुळे त्या दिशेचा हिशोब लागत नाही, बीमला आडव्या दिशेचाच संवेग धरावा लागतो. मुंबईत कुलाब्याची टीआयएफआर ही संशोधन संस्था ज्यात सहभागी आहे त्या सर्नच्या सीएमएस प्रयोगात डार्क मॅटरचा (विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा) शोध घेतात तोही असाच, आडव्या संवेगाची बेरीज शून्य येत नाही अशा टकरी शोधून.