पार्श्वभूमी : तळहातावरचा छेद आणि ‘मोकळ्या पट्ट्या’चा वाद

कार्पल टनेल म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन मज्जातंतू दबण्याचा आजार. त्याच्या रुग्णाची बोटे बधिर होतात, पण अंगठ्याखालच्या उंचवट्यावरची संवेदना सहसा शाबूत राहते. त्या त्वचेकडे जाणारी तळहाताची शाखा मीडियन मज्जातंतूपासून मनगटाच्या घडीच्या साधारण ५ सेंटिमीटर वरच सुटते आणि बोगद्यात न शिरता तळहातात उतरते. बोगद्यात ती दबत नाही. बोगदा उघडणाऱ्या सुरीच्या वाटेत मात्र ती येऊ शकते.

बोगद्याचे छत असलेला आडवा बंध कापून मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया १९३०च्या दशकात नोंदली गेली आणि १९५०नंतर रूढ झाली. सुरुवातीच्या काळात सारे लक्ष बंधाकडे असे आणि मनगटावर आडवा छेदही घेतला जाई. अशा छेदात ही शाखा कापली गेली, की बोटांच्या मुंग्या थांबत, पण व्रणाला नुसता बाहीचा स्पर्श झाला तरी आग होई, कारण कापलेल्या टोकाशी न्यूरोमाची, म्हणजे मज्जातंतूच्या वेड्यावाकड्या वाढीची, गाठ धरलेली असे. १९७३ साली या शाखेचा मार्ग तपशीलवार मांडला गेला आणि छेद अनामिकेच्या रेषेच्या करंगळीकडील बाजूस घ्यावा, अशी शिफारस झाली.

शिफारस रास्त होती. गोंधळ झाला तो तिला पुढे चिकटलेल्या शब्दाने. मीडियनचा प्रदेश संपतो आणि करंगळीकडच्या अल्नर मज्जातंतूचा सुरू होतो त्या सीमेवर ‘इंटरनर्व्हस प्लेन’, म्हणजे मज्जातंतूविरहित मोकळा पट्टा असतो, असे सांगितले जाऊ लागले. हा शब्द मुळात स्नायूंचा आहे. दोन शेजारच्या स्नायूंना दोन वेगळे मज्जातंतू पुरवठा करत असतील, तर त्यांच्या फटीतून खोल जाता येते आणि कोणताच स्नायू लुळा पडत नाही. त्वचेत अशी फट नसते. दोन्ही बाजूंचे तंतू एकमेकांच्या हद्दीत शिरतात, आणि १९९०च्या दशकातील शवविच्छेदनांत अल्नरच्या बारीक शाखा नेमक्या त्याच रेषेत आढळल्या. अल्नरची कोपरापुढच्या हातातून येणारी त्वचाशाखा तर काही हातांत असते, काहींत नसतेच. त्यामुळे रेषा उपयुक्त आणि नाव दिशाभूल करणारे, असेच म्हणावे लागते. नावावर विसंबणाऱ्याची सुरी बेफिकीर होते.

१९८०च्या दशकाअखेरीस दुर्बिणीची पद्धत आली. तिने तळहातावरचा लांब छेद टाळला, पण बंधाच्या वर चरबीत काय आहे, हे दुर्बिणीतून दिसत नाही.

उघड्या पद्धतीत आज सुरी त्वचेपुरतीच चालवावी, हे पुष्कळांना मान्य आहे. त्यापुढे कात्रीची टोके उभ्या दिशेने हलकेच उघडत गेले, की पिवळ्या चरबीत दोऱ्याएवढा पांढुरका तंतू भिंगातून दिसतो. तो बाजूला सारून मगच बंधाकडे वळायचे असते.