केरिया (कुंभा)

लेसिथिडेसी कुलातील सपुष्प वनस्पतींची एक छोटी प्रजाती. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या उष्ण भागात तिच्या जेमतेम चार जाती आहेत. सह्याद्रीच्या पानझडी रानातला कुंभा (केरिया आर्बोरिया) ही त्यांतली सर्वांत ओळखीची. समुद्रफळ आणि देवळांच्या आवारातला कैलासपती हे त्याचे भाऊबंद.

कुंभ्याची पाने थंडीत लाल होऊन गळतात. मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांच्या टोकांना मोठी फुले येतात. ती रात्री उमलतात. सकाळी झाडाखाली पाहावे तर पाकळ्या आणि पुंकेसरांच्या झुबक्यांचा सडा पडलेला असतो. फूल देखणे, वास मात्र उग्र. पुंकेसर असंख्य असले तरी सगळे कामाचे नसतात: सर्वांत बाहेरच्या आणि सर्वांत आतल्या ओळींतले परागकोशाविना असतात. फळ पेरूएवढे, हिरवे, गोल. माथ्यावर संदले (फुलाच्या बाहेरची हिरवी दले) तशीच टिकून राहिल्याने काठ असलेल्या लहानशा घड्यासारखे दिसते. नावातला कुंभ तो हाच.

साल जाड असल्याने रानातल्या वणव्यातून झाड तगते. तिच्या धाग्यांचे दोर वळत, तसेच तोड्याच्या बंदुकीसाठी संथ जळणारी वातही करत. ओढ्यातले मासे गुंगवण्यासाठीही ही साल वापरली जाई. वाळलेली संदले ‘वाकुंभा’ नावाने काष्ठौषधीच्या दुकानात मिळत आणि बाळंतिणीच्या औषधात पडत.

केरिया हर्बेशिया ही जाती अगदी वेगळी, वीतभर उंचीची. नेपाळच्या तराईपासून बंगाल-आसामपर्यंतच्या गवताळ भागात वाढते. वरचे गवत जळून गेले तरी जमिनीखालचे काष्ठमय खोड जिवंत राहते व त्यातून पुन्हा फुलते.

विल्यम रॉक्सबर्ग यांनी 1811 साली ही प्रजाती वर्णिली आणि तिला मित्र विल्यम केरी (1761–1834) यांचे नाव दिले. हे केरी म्हणजे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणारे, बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी. त्यांचे मराठी व्याकरण 1805 साली, तर मराठी शब्द मोडी लिपीत छापलेला कोश 1810 साली निघाला; त्यात पंडित वैजनाथ यांचे साहाय्य होते. मराठी अभ्यासकांना केरी ठाऊक असतात आणि रानात हिंडणाऱ्यांना कुंभा. दोहोंची गाठ क्वचितच घातली जाते.

देवनागरीत याच अक्षरांनी लिहिले जाणारे, पिवळ्या फुलांचे एक शोभेचे झुडूपही आहे. ते गुलाबाच्या कुलातले, चीन-जपानकडचे. त्याचा कुंभ्याशी संबंध नाही.